आवार कोणाचे?

महाड-पोलादपूरच्या शाळांची हकीगत मांडायला बसले की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. या खोऱ्याच्या शालेय इतिहासात इंग्रजांच्या चर्चची, म्हणजे अँग्लिकन पंथाची, शाळा येतच नाही. दक्षिणेला दापोलीत ती होती. वर घाटमाथ्यावर, पाचगणीत, होती. मधल्या सावित्रीच्या खोऱ्यातून साहेब लोक फक्त ये-जा करत राहिले. मुंबईहून निघालेले गलबत बाणकोटच्या खाडीत शिरायचे, भरती साधून दासगाव-महाडकडे यायचे. तिथून पोलादपूर, आणि मग पालखीत बसून किंवा घोड्यावरून पारघाट चढून माल्कम पेठेत, म्हणजे महाबळेश्वरला, हवा खायला. पुढे फिट्झेराल्ड घाट झाला, ज्याला आपण आज आंबेनळी म्हणतो, तेव्हा गाडीरस्ता मिळाला. पण पोलादपूर हे त्यांच्या लेखी चढ लागण्यापूर्वीचे मुक्कामाचे ठिकाण, एवढेच.

मग जी शाळा इथे नव्हतीच तिच्यावर लेख कशासाठी? महाड म्हटले की आपल्याला चवदार तळे आणि १९२७ साल आठवते. ते योग्यच आहे. पण त्या पाण्याच्या लढ्याच्या बारा-तेरा वर्षे आधी याच गावात एका मुलाच्या शाळाप्रवेशावरून तोच वाद झाला होता, आणि तोही ‘जागा कोणाच्या मालकीची’ या मुद्द्यावर. त्या वादाची मुळे मला शाळेच्या आवारात सापडतात, आणि ती नीट दिसायची तर शेजारच्या दापोलीची मिशन शाळा डोळ्यांसमोर ठेवावी लागते.

‘आवार’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. इंग्रजी शाळेच्या वर्णनात वर्गाइतकेच महत्त्व कुंपण, मैदान, घंटा, प्रार्थनेची जागा यांना असते. आपल्याकडच्या पंतोजीच्या शाळेला यांपैकी काही नसे. ती कोणाच्या तरी पडवीत, देवळाच्या सभामंडपात, नाहीतर वाड्याच्या ओटीवर भरायची. धुळाक्षरे गिरवायला तेवढे पुरे होते. मात्र ओटी ज्याची, शब्द त्याचा. कोणी आत यायचे आणि कोणी नाही, हे पंतोजी ठरवत नसे, घरधनी ठरवायचा. सरकारी आणि नगरपालिकांच्या शाळा सुरू झाल्या तेव्हाही पुष्कळ ठिकाणी त्या भाड्याच्या घरात किंवा धर्मशाळेतच बसवल्या गेल्या. शाळा सार्वजनिक, छप्पर खासगी. कोकणातल्या शिक्षणाचा अर्धा इतिहास या एका विसंगतीत आहे असे माझे मत आहे.

खाडीच्या मुखाशी मिशनरी फार लवकर आले होते. बाणकोटचा किल्ला १७५६ पासून कंपनीकडे होता. पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकणचे मुख्य ठाणे काही काळ बाणकोटलाच होते, ते १८२२ साली रत्नागिरीला हलले. पुढच्याच वर्षी स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल या किनाऱ्यावर उतरले आणि त्याच वर्षी वारले. त्यांच्या मागून आलेल्या मंडळींनी हर्णै-बाणकोट भागात मराठी शाळा चालवल्या. शिक्षक बहुधा गावचेच ब्राह्मण पंतोजी, जागा गावातलीच. १८२९ साली आलेले जॉन विल्सन, ज्यांचे नाव पुढे मुंबईच्या महाविद्यालयाला लागले, ते मराठी शिकले तेही याच पट्ट्यात. पण ही सारी प्रेस्बिटेरियन मंडळी, स्कॉटलंडच्या चर्चची. इंग्लंडच्या चर्चशी त्यांचा संबंध नव्हता, आणि त्यांनी कोकणातला मुक्कामही लवकरच आवरला. आपल्याकडे ‘मिशनऱ्यांची शाळा’ म्हणून सगळ्यांना एकाच पोत्यात भरायची सवय आहे. निदान या लेखापुरते ते पोते सोडलेले बरे.

अँग्लिकन चर्चच्या मुंबई इलाख्यातल्या शाळांचे दोन प्रवाह होते आणि ते एकमेकांत फारसे मिसळत नसत. पहिला प्रवाह गोऱ्यांच्या आणि मिश्रवंशीयांच्या मुलांसाठी. १८१५ साली मुंबईत बॉम्बे एज्युकेशन सोसायटी निघाली ती कंपनीच्या चाकरीतल्या गरीब युरोपियनांची मुले रस्त्यावर येऊ नयेत म्हणून. भायखळ्याच्या तिच्या शाळेची वाढ पुढे देवळालीच्या बार्न्स स्कूलपर्यंत पोहोचली. १८६० साली मुंबईत कॅथीड्रलची शाळा सुरू झाली. पुण्यात बिशप्स स्कूल १८६४ चे, सेंट मेरीज १८६६ चे. पहिले मुलग्यांचे, दुसरे मुलींचे. १९०२ साली पाचगणीला सेंट पीटर्स निघाली, तीही मुलग्यांची आणि वसतिगृहाची. पोलादपूरहून घाट चढून गेले तर साठेक किलोमीटर. ज्या शाळेत पुढे झांझिबारहून आलेला फारूख बुलसारा, म्हणजे फ्रेडी मर्क्युरी, शिकला, ती हीच. मुलगे-मुली एकाच वर्गात बसवणे हा या शाळांचा मूळ स्वभाव नव्हता. आज कॅथीड्रल अँड जॉन कॉनन ही मुलामुलींची एकत्र, रोज घरून जाऊन शिकायची शाळा म्हणून ओळखली जाते; पण तिच्यात कॅथीड्रलच्या मुलग्यांची, मुलींची आणि स्कॉटिश चर्चची जॉन कॉनन अशा वेगवेगळ्या शाळांचे ओघ आहेत, आणि १९२२ साली ते एकत्र झाले. चालवणाऱ्या संस्थेचे नावच अँग्लो-स्कॉटिश एज्युकेशन सोसायटी. जे दोन पंथ कोकणच्या किनाऱ्यावर वेगळे होते ते मुंबईत एका पाटीवर आले.

दुसरा प्रवाह ‘नेटिवां’साठी. तो चर्च मिशनरी सोसायटी आणि एस.पी.जी. या दोन संस्थांचा. एस.पी.जी. म्हणजे सुवार्ताप्रसारासाठी इंग्लंडात स्थापन झालेली जुनी अँग्लिकन संस्था. तिचे लोक कोल्हापूर, अहमदनगर भागात गेले, तसे दापोलीतही आले.

दापोलीच का, महाड का नाही? उत्तर छावणीत आहे. १८१८ नंतर दापोलीला लष्करी ठाणे बसले. उंचावरची मोकळी हवा, समुद्र जवळ. १८४० च्या सुमारास नियमित पलटणी गेल्या, जायबंदी आणि वृद्ध सैनिकांची पलटण राहिली, १८५७ साली तीही मोडली. साहेब गेले तरी मागे चर्च उरले, बंगले उरले, मोठी मैदाने उरली आणि पेन्शनर उरले. लोक अजून ‘कँप दापोली’ म्हणतात ते त्यामुळे. मिशनला लागते ते सगळे तिथे तयार होते, मुख्य म्हणजे गावकीच्या ताब्यात नसलेली जमीन. महाड हे व्यापारी बंदर. घर घराला टेकलेले, प्रत्येक इंच कोणाच्या तरी वतनाचा वा मिळकतीचा. तिथे बाहेरून आलेल्याला आवार मिळणे कठीण.

रेव्हरंड अल्फ्रेड गॅडने या एस.पी.जी.च्या मिशनऱ्याचे नाव दापोलीच्या त्या शाळेला पुढे कायमचे चिकटले. आजही ती ए. जी. हायस्कूल म्हणूनच ओळखली जाते, मुले-मुली एकत्र शिकतात, आणि कारभार इथल्याच लोकांच्या संस्थेकडे आहे. शाळेच्या फाटकातून रोज आत जाणाऱ्या किती मुलांना ‘ए. जी.’ म्हणजे काय हे ठाऊक असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो. नावे अशी आद्याक्षरांत शिरली की त्यांचा धर्म गळून पडतो.

मिशन शाळेत बायबलचा तास असायचा. तिथे मुलगे पाठवणारी घरे भिक्षुकांची, खोतांची, वकिलांची. १८४३ साली मुंबईत शेषाद्री बंधूंचे धर्मांतराचे प्रकरण गाजले होते, श्रीपतला परत जातीत घेण्यावरून बाळशास्त्री जांभेकरांना केवढा विरोध सोसावा लागला होता, ही आठवण त्या पिढीच्या बापांना होती. तरीही मुलगे गेले. कारण सरळ होते. मॅट्रिकपर्यंतचे इंग्रजी जवळपास दुसरीकडे मिळत नव्हते, आणि मॅट्रिक झाल्याशिवाय सरकारी नोकरीचे दार उघडत नव्हते. बायबलचा तास ही त्या दाराची पट्टी समजून लोकांनी ती भरली. घरी आल्यावर मुलाने पाय धुवायचे, सोवळ्यात जेवायचे, संध्या करायची. दोन्ही गोष्टी एकाच दिवसात बसत होत्या. आज आपल्याला यात ढोंग दिसते. मला त्यात व्यवहार दिसतो, आणि थोडे धैर्यही.

या शाळेचा सर्वांत थोर विद्यार्थी पांडुरंग वामन काणे. जन्म १८८० चा, चिपळूणजवळच्या परशुरामचा. वडील दापोलीत तालुक्याचे वकील. वैदिक परंपरेच्या घरातला हा मुलगा अँग्लिकन मिशनच्या शाळेतून १८९७ साली मॅट्रिक झाला. पुढे त्याने धर्मशास्त्राचा इतिहास इंग्रजीत लिहिला, पाच खंड, साडेसहा हजारांच्या घरातली पाने. पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा, आणि १९६३ साली भारतरत्न. मनूपासूनच्या सगळ्या स्मृती, टीका, निबंधग्रंथ यांची कालानुक्रमे छाननी करणारा हा माणूस ज्या इंग्रजीत आणि ज्या चिकित्सक शिस्तीत लिहीत होता तिचा पाया मिशनच्या बाकावर घातला गेला होता. धर्मांतर करवून घेण्यासाठी उघडलेल्या शाळेने हिंदू धर्मशास्त्राला त्याचा सर्वांत मोठा इतिहासकार दिला, हे गॅडनेसाहेबांच्या कोणत्याही वरिष्ठाने अहवालात लिहिले नसते.

दुसरे नाव पालगडच्या पांडुरंग सदाशिव साने यांचे. तेही दापोलीच्या मिशन शाळेत काही वर्षे शिकले. पालगड ते दापोली वीसेक किलोमीटर, चढउताराची वाट. ‘श्यामची आई’ वाचलेल्यांना तो दापोलीचा श्याम आठवेल: घर जवळ असूनही दूर, सुट्टी मिळाली की पायी निघणारा. या शाळेचे ‘आवारातले जीवन’ असे काही सांगायचे तर ते आवारात कमी आणि या वाटांवर जास्त होते. कोणाच्या तरी नातेवाइकाकडे राहायचे, वार लावून जेवायचे किंवा हाताने शिजवायचे, शनिवार-रविवारी गाव गाठायचे. घाटावरच्या पाचगणीत मुलगा नऊ-नऊ महिने कुंपणाच्या आत. कोकणातल्या मिशन शाळेत मुलगा संध्याकाळी पुन्हा आपल्या जातीच्या घरात. दिवसाची शाळा आणि वसतिगृहाची शाळा यांत हा मोठा फरक आहे. दिवसाच्या शाळेला समाज फाटकापर्यंत सोडायला येतो आणि फाटकापासून परत घेऊन जातो.

आता त्याच दापोलीचे दुसरे चित्र. छावणी मोडल्यावर तिथे राहिलेल्या पेन्शनरांत महार आणि चांभार सैनिक पुष्कळ होते. पलटणीत त्यांना लिहावाचायला शिकवले गेले होते. काही तर लष्करी शाळांत शिक्षक होते. रामजी सकपाळ निवृत्तीनंतर लहानग्या भीमरावासह काही काळ दापोलीत राहिले, ते याच वस्तीत. गोपाळ बाबा वलंगकर मूळ महाडजवळच्या रावढळचे. १८८६ साली सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीला आले आणि अनार्य दोष परिहारक मंडळी त्यांनी तिथे उभी केली. १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा बाकीच्या सभासदांना केवढा धक्का बसला असेल याची कल्पना करता येते.

या पेन्शनरांनी १८९२ साली नगरपालिकेच्या शाळेत आपली मुले घ्यावीत म्हणून अर्ज केला. दोन वर्षे कागद इकडून तिकडे फिरले. मुलांना मिळाली ती शाळेची ओसरी. वर्ग आत, ही मुले बाहेर. फळा दिसला तर दिसला, मास्तर बोललेले ऐकू आले तर आले. सरकारी धोरण कागदावर जुनेच होते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला होता, त्यावर विलायतेपर्यंत चर्चा होऊन सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांना खुल्या असल्याचे तत्त्व मान्य झाले होते. तत्त्व आत बसले होते आणि मूल ओसरीवर.

गावात मिशनची शाळा असताना पेन्शनरांनी नगरपालिकेचेच दार का ठोठावले? एक तर त्यांना हवे होते ते लहान मुलांचे मराठी शिक्षण. पण तेवढेच कारण नसावे असे मला वाटते. मिशनकडे जाणे म्हणजे दुसऱ्याच्या आवारात पाहुणा म्हणून जाणे, आणि यजमानाची अपेक्षा काय असते हे सर्वांना माहीत होते. नगरपालिकेची शाळा यांच्याही कराच्या पैशावर चालत होती. तिथे आत बसणे हा उपकार नव्हता. वलंगकरांच्या पिढीने हा भेद इतक्या लवकर ओळखला, याचे मला फार अप्रूप वाटते.

दापोलीहून महाडकडे येताना आता मंडणगडवरून उतरून आंबेतच्या पुलावर सावित्री ओलांडता येते. पूर्वी तर होता. पलीकडे दासगाव. या दासगावच्या शाळेत रामचंद्र बाबाजी मोरे शिकले. जन्म १९०३ चा, महाडजवळच्या लाडवलीत. पुढे ते कॉम्रेड आर. बी. मोरे म्हणून ओळखले गेले. मार्च १९२७ ची महाडची परिषद घडवून आणण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. अलिबागला परीक्षा देऊन त्यांनी शिष्यवृत्ती मिळवली आणि १९१४ च्या सुमारास महाडच्या इंग्रजी शाळेत नाव घालायला गेले. नकार मिळाला. कारण मुलाच्या गुणांत नव्हते, शाळेच्या नियमांतही नव्हते. शाळा भाड्याच्या जागेत होती आणि अस्पृश्य मुलाला घेतले तर जागा सोडावी लागेल अशी मालकाची भूमिका होती. अकरा-बारा वर्षांच्या या मुलाने लेखी तक्रार केली, तिचा बोभाटा झाला, आणि प्रवेश द्यावा लागला. बसायची जागा मात्र इतरांपासून वेगळी. मोऱ्यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या, त्या पुढे त्यांच्या चिरंजीवांनी प्रसिद्ध केल्या. महाडच्या इतिहासाचे ते अस्सल साधन आहे आणि आपल्या शाळांमधून ते वाचले जात नाही.

शाळेला स्वतःचे आवार असते तर मोऱ्यांना आत घेतले गेले असते का? तसे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. दापोलीत इमारतीपेक्षा गाव आडवा आला होता. पण महाडच्या शाळाचालकांच्या हातात ‘आमचा काही आक्षेप नाही हो, मालक ऐकत नाहीत’ हे जे निमित्त होते, ते उरले नसते. मिशनच्या शाळेचा माझ्या लेखी खरा गुण हा. तिचा उद्देश कोणाला पटो न पटो, प्रवेशाचा निर्णय तिचा तिला घ्यावा लागे आणि त्याची जबाबदारीही तिच्यावरच राही.

निमित्ताची ही वाट बंद करण्याचा प्रयत्न ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाला. रावबहादूर सी. के. बोल्यांचा मुंबई विधिमंडळातला ठराव आपण पाणवठ्यांपुरता लक्षात ठेवतो. त्यात सार्वजनिक पैशाने बांधलेल्या आणि राखलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा यांच्याबरोबर सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखानेही होते. सुरेंद्रनाथ टिपणिसांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले. मग दंगल, मग शेणगोमूत्राने तळ्याची ‘शुद्धी’, मग ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेणे. आणि डिसेंबरात दिवाणी दावा: तळे सार्वजनिक नाहीच, ते भोवतालच्या घरवाल्यांचे, चौधरी तळे. मोऱ्यांच्या शाळेच्या वेळी जे घरमालक बोलले होते तेच आता वकील बोलत होते.

डिसेंबरच्या परिषदेला तर मांडव घालायलाही कोणी सवर्ण जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. बाबासाहेब मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघून दासगावला उतरले आणि तिथून पायी महाडला आले. शंभर वर्षांपूर्वी महाबळेश्वरला निघालेल्या साहेबांची वाट ती हीच. त्या रात्री फत्तेखानाच्या आवारात मनुस्मृती जाळली गेली. तारीख २५ डिसेंबर, नाताळचा दिवस. दापोलीच्या मिशन शाळेतले काणे त्या वेळी मुंबईत वकिली सांभाळून धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पहिल्या खंडाचे काम करत होते. एक मनू जळत होता आणि एक मनू टिपांसह अभ्यासला जात होता. दोन्ही कामे करणारी माणसे त्याच कोकणातली, दापोलीशी नाते असलेली. दापोलीच्या त्याच शाळेतले साने गुरुजी पुढे १ मे १९४७ पासून पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसले. मी यातून मिशन शाळेच्या शिकवणीचा परिणाम वगैरे काढत नाही. फक्त एका बाकावरून किती वेगवेगळ्या वाटा फुटतात ते नोंदवतो.

तळ्याचा दावा १९३१ साली महाडच्या न्यायालयात बाबासाहेबांच्या बाजूने लागला. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी तो कायम केला. तळे नगरपालिकेचे, आणि अस्पृश्यांना मज्जाव करणारी अनादि काळापासूनची रूढी सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष. मालकीचा प्रश्न तळ्यापुरता सुटायला दहा वर्षे लागली.

१९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना होऊन अँग्लिकन पंथ त्यात विलीन झाला. शाळा राहिल्या, आणि त्यांचा साचा तर सर्वत्र पसरला. महाड-पोलादपूर पट्ट्यात आज इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळा आहेत. टाय, सकाळची असेंब्ली, चार रंगांचे चार हाऊस, वार्षिक क्रीडादिन. हे सगळे कुठून आले असे विचारले तर वाट भायखळा-पाचगणीकडेच जाते. मधली प्रार्थना तेवढी बदलली. यांतल्या जागांवर हक्क कोणाचा हा वाद मात्र चालूच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांना दिल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा त्यातून वगळल्या, म्हणजे जुन्या चर्चच्या शाळाही सुटल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने अधिसूचना काढली, की एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित खासगी शाळेला या जागा देण्याची गरज नाही. महाडसारख्या लहान गावात या मोजपट्टीने किती शाळा उरल्या असत्या, हे नकाशा पाहिला तरी कळते. जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली.

पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांना या निकालाने विशेष फरक पडला नाही. तिथून खासगी शाळा इतकी लांब, की अंतरावर ठरणाऱ्या त्या जागा मुलांच्या वाट्याला येतच नाहीत. तिथे असते ती जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा, आणि दर वर्षी जूनमध्ये पटसंख्येचा आकडा बघून ती चालू राहणार की नाही ही चर्चा.